रामचंद्रन आणि प्रथिनांच्या घड्यांचा नकाशा

एखाद्या प्रयोगशाळेने प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली, की ती मान्य होण्यापूर्वी तिची एक तपासणी ठरलेली असते. प्रथिनाच्या साखळीतील प्रत्येक दुव्याचे दोन कोन मोजले जातात आणि ते एका चौकोनी आलेखावर ठिपक्यांच्या रूपाने मांडले जातात. ठिपके ठराविक पट्ट्यांत एकवटले, तर रचना विश्वासार्ह मानली जाते. मधल्या मोकळ्या जागेत ते विखुरलेले दिसले, तर रचना मांडणाऱ्याकडून कुठेतरी चूक झाली असे समजून काम पुन्हा हाती घेतले जाते. जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा आलेख ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने स्थिरावला आहे. तो १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. त्यामागील गणिते हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर केलेली होती, आणि त्याच्या मुळाशी केंब्रिजच्या बाजूने आलेली एक बोचरी टीका होती.

गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी तत्कालीन कोचीन संस्थानातील एर्नाकुलम येथे झाला. वडील जी. आर. नारायण अय्यर हे तेथील महाराजा महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि पुढे तेथेच प्राचार्य झाले. घरातच गणिताचा वारसा असल्याने आकडे आणि आकृत्या यांची मुलाला लहानपणापासून गोडी लागली. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन १९४२ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले, ते मात्र विद्युत अभियांत्रिकीच्या शाखेत. संस्थेत त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. या विद्यार्थ्याची बुद्धी त्यांनी हेरली आणि त्याला आपल्या विभागात ओढून घेतले.

रामन यांच्या हाताखाली रामचंद्रन यांनी प्रकाशशास्त्र आणि स्फटिकांचे भौतिकशास्त्र यांवर काम केले. रामन यांच्या आवडीचा हिरा हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मद्रास विद्यापीठाची डी. एस्सी. मिळवून १९४७ मध्ये ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. डब्ल्यू. ए. वूस्टर यांच्या मार्गदर्शनाखाली क्ष-किरणांच्या विकिरणावरून स्फटिकांचे स्थितिस्थापक गुणांक काढण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि दोन वर्षांत पीएच. डी. पूर्ण केली. याच काळात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना ऐकण्याचा योग त्यांना लाभला. मोठे रेणू अणूंच्या प्रतिकृती जोडून समजून घेता येतात, हा पॉलिंग यांचा मार्ग त्यांच्या मनात रुजला. १९४९ मध्ये ते बंगळूरला परतले. १९५२ मध्ये, वयाची तिशीही पूर्ण झाली नसताना, मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी ते पद आधी रामन यांना देऊ केले होते, आणि रामन यांनी आपल्या या शिष्याचे नाव सुचवले होते.

नव्या विभागात क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभी राहिली, पण हाती घेण्याजोगा मोठा प्रश्न नव्हता. तो ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्या मद्रास भेटीतून मिळाला. कोलॅजन या प्रथिनाची रचना कोणालाच समाधानकारकपणे मांडता आलेली नाही, असे त्यांनी बोलण्याच्या ओघात सांगितले. त्वचा, हाडे, कंडरा, कूर्चा या सर्वांना बांधून ठेवणारे हे प्रथिन आहे. प्राण्यांच्या शरीरात सर्वाधिक आढळणारे प्रथिनही हेच.

प्रश्न समजण्यासाठी प्रथिनाची घडण थोडी पाहावी लागते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. माळेतील मणी वीस प्रकारचे, आणि त्यांचा क्रम जनुकांनी ठरवलेला. माळ सरळ राहिली तर ती पेशीच्या कामाची नसते. ती विशिष्ट प्रकारे वळते, दुमडते आणि तिचा एक आकार सिद्ध होतो. त्या आकारामुळेच हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरू आणि सोडू शकते, विकर अन्नाचे रेणू तोडू शकते आणि प्रतिपिंड जंतूला ओळखू शकते. अंडे उकडल्यावर पांढरे गोठते, तेव्हा त्यातील माळा तुटलेल्या नसतात, त्यांच्या घड्या विस्कटलेल्या असतात. पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये अशा घड्यांचे दोन मूलभूत प्रकार मांडले होते: आल्फा सर्पिल आणि बीटा पट्ट. कोलॅजनपासून मिळणारी क्ष-किरण चित्रे मात्र या दोहोंपैकी कशातच बसत नव्हती.

कोलॅजनचा कच्चा माल शोधायला दूर जावे लागले नाही. केंद्रीय चर्म संशोधन संस्था मद्रासमध्येच होती आणि चामडे म्हणजे मुख्यतः कोलॅजनच. पुढे कांगारूच्या शेपटीतील कंडरेचे नमुने मिळाले आणि त्यांवरून अधिक स्पष्ट चित्रे घेता आली. सहकारी गोपीनाथ कर्ता यांच्यासह रामचंद्रन त्या चित्रांचा अर्थ लावू लागले. रासायनिक विश्लेषणातून एक गोष्ट ठाऊक होती: कोलॅजनमधील अमिनो आम्लांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश ग्लायसीन असते. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. बाजूच्या शाखेच्या जागी त्याला केवळ एक हायड्रोजन अणू असतो. हे प्रमाण योगायोगाचे नसावे, प्रत्येक तिसरी जागा ग्लायसीनची असावी, असा तर्क रामचंद्रन यांनी केला. तीन साखळ्या शेजारी आल्या, तर त्यांच्या मधोमध इतकी थोडी जागा उरते की तेथे ग्लायसीनखेरीज काही मावूच शकत नाही.

१९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात रामचंद्रन आणि कर्ता यांची तिहेरी रचना प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी ती सुधारली: तिन्ही साखळ्या एकमेकींशेजारी नुसत्या उभ्या नसून, दोराचे पेड वळावेत तशा एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. प्रत्येक साखळी स्वतः डावीकडे वळते आणि तिघी मिळून उजवीकडे वळतात. गावच्या दोरवळ्याला यात नवल वाटले नसते. पेड एका दिशेला आणि दोर उलट दिशेला वळला तरच तो ताण सहन करतो. या तिपेडी गुंफणीचे मोल वैद्यकातही दिसते. एखाद्या ग्लायसीनच्या जागी जनुकीय दोषामुळे मोठे अमिनो आम्ल आले, तर गुंफण बिघडते आणि किरकोळ धक्क्यानेही हाडे मोडण्याचा आजार होऊ शकतो. क जीवनसत्त्वाअभावी गुंफण बळकट करणारी रासायनिक क्रिया होत नाही आणि स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येऊ लागते.

रचना प्रसिद्ध झाली आणि वादही सुरू झाला. डीएनएच्या रचनेमुळे ख्याती पावलेले फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर रिच यांनी १९५५ मध्ये कोलॅजनची आपली रचना मांडली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गटाचे कामही त्याच दिशेने चालले होते. तीन साखळ्यांची गुंफण ही मूळ कल्पना सर्वांनी स्वीकारली, परंतु मद्रासच्या रचनेतील तपशिलावर आक्षेप आला. दर तीन दुव्यांमागे साखळ्यांना बांधणारे दोन हायड्रोजन बंध रामचंद्रन यांनी धरले होते, क्रिक आणि रिच यांच्या मते एकच शक्य होता. त्याहून गंभीर आक्षेप असा, की मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या इतके जवळ आले होते की निसर्गात ते तसे राहूच शकणार नाहीत.

पहिल्या आक्षेपाचा निकाल फार उशिरा लागला. १९९४ मध्ये कोलॅजनसारख्या एका लहान पेप्टाइडची स्फटिकरचना मिळाली. तीत तिपेडी गुंफण जशीच्या तशी होती, पण थेट हायड्रोजन बंध दर तीन दुव्यांमागे एकच होता. तेवढ्यापुरते क्रिक आणि रिच बरोबर ठरले. साखळ्यांभोवती पाण्याच्या रेणूंचे जाळेही त्या स्फटिकात दिसले. पाण्याच्या मध्यस्थीने जोडणारा बंध रामचंद्रन यांच्या गटाने १९६८ मध्येच सुचवला होता. कोलॅजनचे श्रेय कोणाचे, ही चर्चा भारतात आजही भावनेच्या अंगाने होते. मूळ कल्पना मद्रासची, बंधांच्या संख्येची दुरुस्ती केंब्रिजची, अशी वाटणी केल्यास कोणावर अन्याय होत नाही.

खरे फळ दुसऱ्या आक्षेपातून आले. अणू फार जवळ आले आहेत, असे म्हणायचे, तर किती जवळ म्हणजे फार जवळ? या प्रश्नाचे नेमके उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हते. प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने मर्यादा ठरवत होता. रामचंद्रन यांनी वाद लांबवण्याऐवजी मोजणी करायचे ठरवले. व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन हे दोन तरुण सहकारी त्यांच्यासोबत होते. (हे रामकृष्णन म्हणजे पुढे रायबोसोमच्या अभ्यासासाठी नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन नव्हेत. नावातील साम्यामुळे ही गल्लत होऊ शकते.) तोवर प्रसिद्ध झालेल्या अमिनो आम्लांच्या आणि लहान पेप्टाइडांच्या स्फटिकरचना धुंडाळून, थेट न जोडलेले दोन अणू प्रत्यक्षात किती जवळ आलेले आढळतात, याची त्यांनी जोडीजोडीने नोंद केली. त्यातून दोन मर्यादा निघाल्या, एक नेहमीची आणि एक टोकाची. दोन कार्बन अणूंसाठी नेहमीची मर्यादा ३.२ अँगस्ट्रॉम आणि टोकाची ३.० अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

आता दुसरी पायरी होती. साखळीतील पेप्टाइड बंधाचा भाग ताठ, सपाट पट्टीसारखा असतो, हे पॉलिंग यांच्या कामातून ठाऊक होते. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक कार्बन अणू बिजागरीप्रमाणे असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साखळी फिरू शकते. या दोन फिरकींचे कोन ‘फाय’ आणि ‘साय’ या ग्रीक अक्षरांनी ओळखले जातात. संपूर्ण साखळीचा मार्ग वस्तुतः या दोन कोनांच्या जोड्यांनीच ठरतो. हजारो अणूंच्या गुंतागुंतीचे ओझे दर दुव्यामागे दोन आकड्यांवर आणणे हे मद्रासच्या कामाचे मर्म होते. एक कोन आडव्या अक्षावर आणि दुसरा उभ्या अक्षावर घेऊन, ठराविक अंतराने प्रत्येक स्थितीत अणूंमधील अंतरे काढली गेली. जेथे अणू एकमेकांवर आदळतात, ती जागा वर्ज्य. जेथे आदळत नाहीत, ती ग्राह्य.

चित्र पूर्ण झाले तेव्हा चौकोनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग रिकामा होता. ग्राह्य जागा म्हणून मोजकीच बेटे उरली होती, आणि आल्फा सर्पिल, बीटा पट्ट व कोलॅजनची साखळी या सर्व ज्ञात रचना त्या बेटांवर जाऊन बसत होत्या. शाखा नसल्यामुळे ग्लायसीनला मात्र बरीच मोकळीक होती. प्रथिन कसे दुमडेल, हे हा नकाशा सांगत नाही. ते कसे दुमडू शकत नाही, एवढेच तो सांगतो. त्याचे सामर्थ्य नेमके याच संयमात आहे. १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त हा निबंध आला, तेव्हा संपूर्ण रचना उलगडलेली प्रथिने बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. पुढे मायोग्लोबिन, लायसोझाइम आणि त्यांच्यामागून आलेल्या प्रथिनांचे कोन मांडले गेले, तेव्हा बहुतेक ठिपके आधीच आखलेल्या बेटांवर पडले.

याच दशकात मद्रासचा विभाग स्फटिकशास्त्र आणि जैवभौतिकी यांचे आंतरराष्ट्रीय केंद्र बनला. परदेशातील नामवंत संशोधक तेथील परिषदांना येऊ लागले. मुदलियार यांचा कुलगुरुपदाचा दीर्घ कार्यकाळ १९६९ मध्ये संपला आणि त्यानंतर लवकरच रामचंद्रन यांनी मद्रास सोडले. सतीश धवन संचालक असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत ते परतले आणि तेथे त्यांनी रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभारला. शिकागो विद्यापीठातही ते वर्षातील काही काळ अध्यापन करीत. तेथे ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्ये त्यांनी वेगळ्याच विषयावर निबंध लिहिला: अनेक दिशांनी घेतलेल्या क्ष-किरण छायांवरून आतील आकृती कमी गणितात कशी उभी करता येईल. सीटी स्कॅनच्या यंत्रांना ही रीत उपयोगी पडली. तिच्यातील गणिती गाळणीला दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून आजही ‘राम-लक’ म्हणतात. स्कॅनसाठी यंत्राखाली पडून राहणाऱ्या रुग्णाला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही.

शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना १९६१ मध्ये मिळाले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १९७७ मध्ये. नोबेल मिळाले नाही. प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या त्यांच्या समकालीनांपैकी पॉलिंग, पेरुट्झ आणि केन्ड्र्यू यांना ते मिळाले. त्या पंक्तीत रामचंद्रन यांचे नाव शोभले असते, असे मानणारे शास्त्रज्ञ भारताबाहेरही आहेत.

उत्तरायुष्यात त्यांचे मन तर्कशास्त्राकडे वळले. भारतीय दर्शनांची त्यांना प्रथमपासून ओढ होती. जैनांच्या स्याद्वादातील तर्काला गणिताच्या भाषेत मांडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. त्या कामाला रसायनशास्त्रातील कामाइतके वाचक लाभले नाहीत. पुढे कंपवाताने शरीर थकत गेले. १९४५ पासूनची सोबत असलेल्या पत्नी राजलक्ष्मी यांचे १९९८ मध्ये निधन झाले. पुत्र रमेश नारायण यांनी खगोलभौतिकीत नाव मिळवले असून हार्वर्डमध्ये कृष्णविवरांवर काम केले आहे. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचे एवाल्ड पारितोषिक रामचंद्रन यांना १९९९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ते आजारीच होते. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या दोन दशकांत प्रथिनांच्या घड्यांचा अंदाज बांधण्याचे काम संगणकांनी हाती घेतले आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याच कामाला मिळाले. संगणकाने सुचवलेल्या या रचनाही तपासताना त्याच जुन्या चौकोनावर मांडल्या जातात, दर दुव्यामागे एक ठिपका.