३१ अंशांचा शोध लावणारा डॉक्टर : थॉमस अँड्र्यूज

आधी माझी फजिती सांगतो. मी बियांचं तेल काढणाऱ्या यंत्राच्या सिम्युलेटरचा कोड लिहीत होतो. दळलेल्या बियांमधून प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तो तेल विरघळवून बाहेर आणतो. पुढे दाब उतरवला की गॅस वेगळा होतो आणि तेल खाली उरतं. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते ना, मग इथेही तसंच असणार, असं धरून मी २०० बार दाबाला तापमान ४० वरून ६० अंशांवर नेलं. तेल वाढायच्या ऐवजी कमी झालं! दोन दिवस बग शोधला. बग नव्हताच. उत्तर शोधता शोधता पोचलो थेट बेलफास्टच्या एका डॉक्टरपाशी.

थॉमस अँड्र्यूज यांचा जन्म १८१३ सालचा, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. वडील लिनन कापडाचे व्यापारी. मुलगा ग्लासगो, पॅरिस, डब्लिन असं फिरत शिकला आणि १८३५ मध्ये एडिंबरातून डॉक्टर होऊन गावी परतला. दिवसा पेशंट तपासायचे, सोबत केमिस्ट्री शिकवायची. १८४५ मध्ये नव्या कॉलेजचं उपप्रमुखपद मिळालं, तेव्हा त्यांनी डॉक्टरकी सोडून दिली. (घरी काय ऐकावं लागलं असेल, कल्पना करा!) ओझोन हे ऑक्सिजनचंच एक रूप आहे, हे पक्कं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

पण त्यांचं खरं काम वेगळंच. त्या काळी ऑक्सिजन, हायड्रोजन असे काही गॅस कितीही दाबले तरी द्रव होत नव्हते. लोक त्यांना कायमचे गॅस म्हणायचे. अँड्र्यूज यांनी कोडं सोडवायला त्यातल्या त्यात सोपा कार्बन डायऑक्साइड घेतला. जाड काचेच्या, केसासारखं बारीक छिद्र असलेल्या नळीत तो भरला, खाली पारा ठेवला, आणि स्टीलचा स्क्रू पिळत दाब वाढवला. गार असताना नळीत द्रव आणि गॅस यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसायची. तापमान ३१ अंशांजवळ आलं की ती रेघ पुसट व्हायची, सपाट व्हायची आणि गायबच. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव वेगळा होतच नाही. १८६९ च्या व्याख्यानात त्यांनी आकडा दिला ३०.९२ अंश सेल्सिअस, आणि त्या जागेला क्रिटिकल पॉइंट म्हटलं. आजचा आकडा सुमारे ३१, म्हणजे हाताने स्क्रू पिळून काढलेलं उत्तर जवळजवळ अचूक! म्हणजे ऑक्सिजन हट्टी नव्हता, पुरेसा गार केलेला नव्हता. १८७७ मध्ये दुसऱ्या दोघांनी तो द्रव करून दाखवला. अँड्र्यूज १८८५ पर्यंत होते, त्यामुळे हे त्यांच्या हयातीतच घडलं.

(सोसायटीच्या जिन्यात काळ्या भोंग्याचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो ना? नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच्या आत ती रेघ नसते.)

आता माझा बग. ३१ अंश आणि ७४ बारच्या वर हा पदार्थ गॅससारखा बियांत शिरतो आणि द्रवासारखा तेल विरघळवतो. पण विरघळवण्याची ताकद त्याच्या घनतेत असते. २०० बारला ४० अंशांवर एका घनमीटरमध्ये सुमारे ८४० किलो मावतो, ६० अंशांवर फक्त ७२४. विरळ झाला, तेल सुटलं. दुसरीकडे उष्णतेने तेलाचे रेणू बाहेर पडायला जास्त तयार होतात. ही रस्सीखेच आहे. कमी दाबाला घनता जिंकते, म्हणून गरम केलं की तेल घटतं. खूप दाब दिला की घनता कमी घसरते : ४०० बारला ९५६ वरून ८९०. तिथे तेलाची बाजू जिंकते. दोन्ही बाजू सारख्या होतात तो दाब बहुतेक बियांच्या तेलांसाठी साधारण ३०० बारच्या आसपास असतो, बी बदललं की थोडा सरकतो.

मी तापमान ६० वरच ठेवलं, दाब ४०० केला आणि पुन्हा रन मारला. तेल वाढलं.