तुकोबांचा जमाखर्च

संतांच्या चरित्रात चमत्कार शोधण्याची आपली जुनी खोड आहे. त्यामुळे तुकोबांवर कोसळलेल्या आर्थिक अरिष्टाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. वस्तुतः या महाकवीची जडणघडण एका बुडालेल्या दुकानात झाली.

देहूचे मोरे घराणे सुस्थितीतले होते. शेती, व्यापार, सावकारी, महाजनकीचा मान आणि पिढीजात पंढरीची वारी, असा तो संसार होता. थोरले बंधू सावजी विरक्त झाल्याने प्रपंचाचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. त्यातच आईवडिलांचे छत्र हरपले. पुढे १६३० च्या सुमारास पावसाने दगा दिला आणि गुजरातेपासून दख्खनपर्यंत भीषण दुष्काळ पसरला. कुळे नागवली गेली, तेथे सावकार कसा तगणार? तुकोबांचे दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही दगावला.

दिवाळे निघालेल्या माणसाला दुःखापेक्षा लाज अधिक जाळते. तो तोंड लपवतो, मुका होतो. तुकोबांनीही भामचंद्र डोंगराचा एकांत जवळ केला, पण ते मुके झाले नाहीत. परंपरा सांगते की, कर्जखतांपैकी निम्मी त्यांनी धाकटे बंधू कान्होबांच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. इतरांकडील येणे असे सोडल्यावर त्यांनी स्वतःच्या मनाचा हिशेब मांडावयास घेतला. स्वप्नात नामदेवांनी कवित्व करण्यास सांगितले, असे ते स्वतःच नमूद करतात.

या हिशेबात खाडाखोड नाही. बुडालेला धंदा, भुकेने गेलेली बायको, चारचौघांत झालेली नाचक्की हे सारे त्यांनी साध्या शब्दांत लिहिले. ते विठ्ठलाशी भांडतात, त्याच्यावर रुसतात, स्वतःच्या दोषांचा पाढा वाचतात. भांडवल, ऋण, माप ही दुकानातली भाषाच त्यांनी भक्तीच्या कामी लावली. दुःख त्यामुळे नाहीसे झाले नाही. ते सांगता येण्याजोगे झाले, आणि म्हणून सोसता येण्याजोगेही.

शूद्राने धर्मार्थ सांगावा, हे वाघोलीच्या रामेश्वर भटांना रुचले नाही. त्यांच्या आज्ञेवरून अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. खते बुडविणारा माणूस शांत होता. वह्या बुडाल्यावर मात्र तो तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिला. खरी पुंजी कोणती, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. वह्या तरल्याची श्रद्धा लोकांनी जपली. चाकणच्या संताजी जगनाड्यांसारख्या सोबत्यांनी अभंग लिहून ठेवले, आणि पुढे रामेश्वर भटही तुकोबांचे भक्त झाले. एकट्याचे दुःख असे सर्वांचे झाले. आज गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत.

लिहिल्याने पोट भरत नाही. दुष्काळावर उतारा धान्याचा, पाण्याचा आणि रोजगाराचाच असतो, आणि तो पुरविणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य होय. परंतु कर्जापायी शेतकरी जीव देतात, त्या महाराष्ट्राने एवढे तरी ध्यानी घ्यावे की, ज्या कवीला तो डोक्यावर घेऊन पंढरीस जातो, तो दिवाळखोर होता आणि ते त्याने कधी लपविले नाही. देणे थकलेल्या माणसाला आपल्या गावात निर्भयपणे बोलता यावे, हीसुद्धा तुकोबांची सेवाच ठरेल.