विलायतेच्या फीचा हिशेब

विहाराच्या भिंतीवर परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. नावापुढच्या पदव्या आपल्या लेकरांना तोंडपाठ आहेत. पण त्या पदव्यांना पैसा किती लागला आणि तो आला कुठून, हे घरोघरी सांगितलं जात नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही बाबासाहेबांचं चरित्र फीच्या बाजूनं मांडत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपये दिले, म्हणून १९१२ साली बी. ए. होता आलं. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानानं अमेरिकेच्या शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडाची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर केली. तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे महिना सुमारे १७२ रुपये. हे दान नव्हतं. शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करीन, असा करार त्यांना लिहून द्यावा लागला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास केला. नाटक-सिनेमाला पैसा घातला नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात घातला. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अर्ध्यातून परत यावं लागलं. हुशारी कमी पडली नाही, पैसा कमी पडला. चार वर्षांच्या आत येऊन शिक्षण पुरं करायची मुभा तेवढी मिळाली. सामानाचं जहाज महायुद्धात बुडालं, त्यात पुस्तकं गेली.

करार पाळायला ते बडोद्याला गेले. तिथं परदेशी पदवीधराला राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेतून हाकललं, कचेरीत पाणी मिळेना. नोकरी सोडावी लागली.

१९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापकी मिळाली. रमाईला घरखर्चाला मोजके पैसे देऊन उरलेले लंडनसाठी साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं. १९२० साली ते पुन्हा लंडनला पोचले.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. १९२० साली सरकारनं रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला होता, म्हणजे दहा रुपयांना पौंड. तो भाव टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला, तोच पौंड सोळा रुपयांना पडू लागला. घरून आलेले पैसे तेवढेच, पण लंडनात त्यांची किंमत घटली. बाबासाहेब अर्धपोटी राहिले. रात्री भूक लागली की पापड भाजून खात. इकडं रमाईनं हलाखीत संसार रेटला. त्यांचा प्रबंधही रुपयाच्या प्रश्नावरच होता! १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी. झाले. बॅरिस्टर होऊन आले तर वकिलीच्या सनदेलाही पैसे नव्हते; पुन्हा भथेनाच धावले. कोलंबियाची पीएच. डी. प्रबंध छापून दिल्यावर १९२७ साली हाती पडली.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. त्यातून आपली मुलं परदेशीही गेली. १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

आता आपला हिशेब. आम्ही जिनिंगच्या कापूसधुळीत राबणारी माणसं. परदेशची एका वर्षाची फी आमच्या जन्माच्या कमाईत बसत नाही. पण राज्य सरकार आज अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना शाहू महाराजांच्याच नावानं परदेश शिष्यवृत्ती देतं. वर्षाला ७५ जागा आहेत. मात्र शिष्यवृत्ती हाती येण्याआधीच पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, अर्जांची फी हा खर्च घरातून करावा लागतो. वणी, पुसद, उमरखेडकडचं हुशार पोरगं तिथंच अडतं. म्हणून आमची उपासक-उपासिकांना विनंती आहे, की विहाराच्या दानपेटीतला एक वाटा या पहिल्या खर्चासाठी वेगळा ठेवावा. कर्ज म्हणूनच द्यावा. शिकलेल्यानं तो फेडावा, म्हणजे पुढच्याचं जाणं होईल. भथेनांचे पाच हजार नसते, तर तसबिरीखालच्या काही पदव्या लिहायच्या राहिल्या असत्या.

जयभीम.