तंबोऱ्याची घोडी स्वतः घासणारे खाँसाहेब : अब्दुल करीम खाँ यांची गोष्ट

नायलॉनच्या तारांची गिटार वाजवत असाल तर हा त्रास ओळखीचा असेल. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर दाखवते, पण बाराव्या फ्रेटवर दाबली की सूर चढतो. कारण दाबताना तार ताणली जाते. जाड तिसऱ्या तारेला हा रोग जास्त. मग कारागीर सॅडल म्हणजे खालची पांढरी पट्टी कानशीने अशी घासतात, की तार किंचित मागे टेकते आणि सूर जागेवर येतो.

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे मिरजेला गेलात, तर तिथले सतारमेकर असंच नाजूक काम दीडशेहून जास्त वर्षं करतायत. यांचे पूर्वज तलवारींना धार लावणारे शिकलगार. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. याच मिरजेत राहिलेला एक गवय्या गाण्याइतकाच वाद्यदुरुस्तीतही तरबेज होता. त्यांचं नाव अब्दुल करीम खाँ.

जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या किराना गावचा. गाणं वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडून आलं. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गायले. तिथे ताराबाई माने भेटल्या, दोघांनी बडोदं सोडलं आणि महाराष्ट्र गाठला. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. तिथे मुलं राहून शिकायची आणि खर्च भागायचा तो मुख्यतः खाँसाहेबांच्या मैफलींवर.

सुराबाबत मात्र तडजोड नाही. तंबोऱ्याला पडदे नसतात, मग घोडीचं एवढं काय? तर तिचा माथा सपाट नसून हलका उतरता असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत थरथरते आणि वरचे बारीक सूर जागे होतात. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. उतार कानशीने थोडा जास्त घासला गेला, तर आवाज बसतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. खाँसाहेब हे काम स्वतः करत.

जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार ऐकू येतो. हा गांधार हार्मोनियमच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या भागाइतका उतरलेला असतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो फरक टोचतो.

खरा सूर कुठला, हे आकड्यांत पकडायचं वेड सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांना होतं. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी खाँसाहेबांच्या गळ्यातून निघणाऱ्या श्रुती मोजल्या आणि 1910 मध्ये 22 श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुढे ब्रिटिश न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुतींचा हार्मोनियमही तयार झाला. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तो मांडला गेला, पण भातखंडे यांच्यासारख्या जाणकारांना पटला नाही. तो हार्मोनियम फार चालला नाही. आणि ते साहजिकच. एका रागातला कोमल गांधार दुसऱ्या रागात जरा सरकतो. पत्ती ठोकून बसवली की ती कशी सरकणार?

घरात मात्र सूर बिघडले. 1922 मध्ये ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली. त्यातल्या चंपाकलीला पुढे महाराष्ट्र हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखू लागला, तर थोरला मुलगा सुरेशबाबू माने झाला. गाणं बापाचं राहिलं, नाव नाही. खाँसाहेबांनी पुढे मुक्काम मिरजेत हलवला. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम हे त्यांचे शिष्य. शिवाय टिपू नावाचा कुत्रा, ज्याला त्यांनी सुरात ओरडायला शिकवलं होतं, असा किस्सा सांगतात!

ऑक्टोबर 1937. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत त्यांची तब्येत बिघडली. सिंगपेरुमाळकोईल या छोट्या स्टेशनवर ते उतरले. सांगतात की तिथेच त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारीत प्रार्थना गायली आणि प्राण सोडला. देह मिरजेला आणून मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. तिथे उरुसात दरवर्षी गाण्याची मैफल भरते.