गुन्हेगार जन्माला येतो का? : राजर्षी शाहूंचं उत्तर

माणूस गुन्हा का करतो? हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये नाही, त्यामुळे पेपरात येण्याची भीतीही नाही. पण मित्रांनो, या प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं गेलं आणि आपल्या देशात लाखो माणसं पिढ्यानपिढ्या नापास ठरली. ते उत्तर आपल्या कामातून खोडून काढणाऱ्या एका राजाबद्दल मला आज लिहायचंय.

इटलीत लोम्ब्रोसो नावाचा एक डॉक्टर होऊन गेला. 1876 साली त्यानं पुस्तक लिहून असं मांडलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात, कवटी आणि जबडा पाहून ती ओळखता येतात. इकडे इंग्रज त्याच्याही पुढे. त्यांनी 1871 मध्येच गुन्हेगार जमातींचा कायदा करून ठेवला होता. पुढे 1911 च्या कायद्यानं मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. अमुक जमातीत जन्मलात ना, मग तुम्ही गुन्हेगार. पाळण्यातल्या पोराच्या कपाळावरही शिक्का!

याच काळात, 26 जून 1874 रोजी, कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. आई फार लवकर गेली. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, शाहू झाले आणि दोनच वर्षांत वडीलही वारले. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं. 2 एप्रिल 1894 ला राज्याभिषेक झाला, तेव्हा वय अवघं एकोणीस, म्हणजे आपल्या सेकंड इयरवाल्यांएवढं! धिप्पाड देह, कुस्तीचा नाद आणि शिकारीचं वेड.

1899 च्या वेदोक्त प्रकरणात खुद्द राजालाच जन्मावरून कमी लेखलं गेलं. जन्माचा शिक्का कसा लागतो हे त्यांना स्वतःवरून कळलं. 1902 मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखणं, 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, भोगावती नदीवरचं राधानगरी धरण ही सगळी कामं आपल्याला ठाऊक आहेत. फासेपारध्यांची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

शिकारीमुळे महाराजांचा रानातल्या या लोकांशी संबंध आला. माग काढणं, फासे लावणं, रात्र रात्र न हलता दबा धरणं यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ज्याला चोरवाटा ठाऊक, तोच पहारा चांगला देणार, हे महाराजांनी हेरलं. ज्यांना बघून लोक दाराला कडी लावत, त्यांनाच त्यांनी पहारेकरी नेमलं, पगार दिला, राहायला जागा दिली. रोज हजेरी देण्याची सक्ती असलेल्या जमातींची ती हजेरीही त्यांनी 1918 मध्ये संस्थानात बंद केली. विचार करा, रोज हजेरी द्यायची, परगावी जायला परवानगी मागायची, तर माणूस मजुरीला जाणार कुठे? काम नाही म्हणून भूक, भूक म्हणून चोरी आणि चोरी झाली की पुन्हा हजेरी. महाराजांनी हे चक्र दोन्हीकडून तोडलं. पोटाला काम दिलं आणि मनाला विश्वास दिला.

पुढे 1963 मध्ये हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं शिक्क्याचा सिद्धांत मांडला. माणसाला सतत चोर म्हणत राहिलं, की सरळ वाटा त्याच्यासाठी बंद होत जातात आणि हळूहळू तो स्वतःलाही तसाच समजू लागतो. भूक, संगत, बालपणीचे घाव अशी इतर कारणंही मानसशास्त्र सांगतं. रक्तात गुन्हा असलेली जमात मात्र कुठल्याच संशोधनात सापडली नाही.

महाराज 6 मे 1922 ला मुंबईत गेले, वयाच्या 47 व्या वर्षी. तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडलं. कागदावरचा शिक्का पुसला, पण मनावरचा? मी नांदगाव खंडेश्वरचा. आमच्याकडे कुठं चोरी झाली, की पुरावा सापडायच्या आधीच लोकांचं बोट पारध्यांच्या बेड्याकडे जातं. याच तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारधी मुलांसाठी एक आश्रमशाळा उभी राहिली, तिचं नावच 'प्रश्नचिन्ह'! तो प्रश्न त्या पोरांना नाही, आपल्याला विचारलेला आहे.

आपण इंजिनिअर होणार. उद्या साइटवर मजूर नेमताना, गोडाऊनच्या किल्ल्या कुणाच्या हाती द्यायच्या हे ठरवताना आडनाव ऐकून आपला हात आखडेल का? त्या वेळी किल्ली हातात घेऊन क्षणभर शाहू महाराजांना आठवा, एवढंच सांगणं.