जमशेटजींचा बिनजकातीचा रस्ता

आपल्या जुन्नर तालुक्यात नाणेघाट चढून वर आलं की एक मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी व्यापारी त्यात जकात टाकीत, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाटेनं जायचं तर पैसे मोजायचे, ही रीत इतकी जुनी. म्हणूनच रस्त्यासाठी पदरचे पैसे देऊन, वर जकात घ्यायची नाही अशी अट घालणाऱ्या एका नवरा-बायकोची हकिगत या अंकासाठी लिहावीशी वाटली.

जमशेटजी जीजीभॉय यांचा जन्म १७८३ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. बाटल्यांचा व्यापार करणाऱ्या मामांच्या हाताखाली ते धंदा शिकले आणि मामांच्याच मुलीशी, आवाबाईंशी, त्यांचं लग्न झालं. चीनच्या पाच सफरी त्यांनी केल्या. एका सफरीत तर जहाज फ्रेंचांच्या हाती सापडून ते कैद झाले. व्यापार कापसाचा आणि अफूचा. अफूच्या पैशाची गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्या काळी माहीम मुंबईच्या बेटावर आणि वांद्रे साष्टीच्या बेटावर. मधे खाडी. पलीकडे जायचं तर होडी, आणि पावसाळ्यात जीव मुठीत धरून जायचं. कंपनी सरकारकडे बंदराला, गोदीला, किल्ल्याला पैसा होता; या रस्त्यासाठी मात्र नव्हता. शेवटी आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून जकात घ्यायची नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. माहीमचा कॉजवे तो हाच.

त्याच वर्षी भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय सुरू झालं, तेही जमशेटजींच्या देणगीतून. आपल्या पुण्यात बंडगार्डन ज्या बंधाऱ्यावरून ओळखलं जातं, त्या मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्यालाही त्यांनी मोठी रक्कम दिली. तो १८५० मध्ये पुरा झाला. १८४२ साली 'सर' झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १८५७ मध्ये बॅरोनेट झाले आणि १८५९ साली वारले.

माझे वडील मुंबईच्या गोदीत हमाली करायचे. आंबेगाव-जुन्नरकडची आमच्यासारखी कितीतरी घरं तेव्हा मुंबईच्या पैशावर चालायची. वडिलांच्या पायावर पेटी पडली तेव्हा ते दीड महिना जे. जे.त होते, औषधपाण्याला पैसा लागला नाही. पुढं मी बँकेत लागलो, माहीमला बदली झाली. लेडी जमशेटजी रोडनं रोज जायचो, पाटी वाचायचो, पण ही बाई कोण, हे चार वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. दहा वर्षांपूर्वी मी सोसायटीचा खजिनदार होतो. मागच्या रस्त्याला फाटक लावून कुलूप घालायचा ठराव मीच मांडला. डांबरीकरणाचा खर्च आपला, मग वस्तीवरच्यांनी फुकट का जावं, असा माझा हिशेब. ठराव एकमतानं पास झाला. पावसाळा लागला तशी वस्तीवरची शाळेची पोरं ओढ्याच्या कडेनं, चिखलातून, लांबच्या वाटेनं जाऊ लागली. सकाळी चहा पिताना मला गॅलरीतून दिसायची. दप्तर डोक्यावर, चपला हातात. पुढच्या सभेत कुलूप काढायला मीच उभा राहिलो. काहीजण हसले, पण कुलूप निघालं.

यंदा फाटकाचा विषय पुन्हा सभेपुढे येणार असं ऐकतो. चोऱ्यांची भीती खोटी नाही. रात्रीपुरतं फाटक लावा, वॉचमन ठेवा, माझी वर्गणी आधी घ्या. पण सकाळी सहा ते रात्री दहा रस्ता मोकळा असू द्या, एवढीच या जुन्या खजिनदाराची सर्व सभासदांना विनंती.