अर्व्हिंग बर्लिन
अर्व्हिंग बर्लिन (जन्मनाव : इस्रायल बेलिन, ११ मे १८८८ – २२ सप्टेंबर १९८९) हे अमेरिकन गीतकार व संगीतकार होते. आपल्या बहुतेक गीतांचे शब्द आणि चाल दोन्ही त्यांचीच असे. 'हॉलिडे इन' (१९४२) आणि 'व्हाइट ख्रिसमस' (१९५४) या संगीतपटांची गीते त्यांनी रचली. अमेरिकेत हे चित्रपट आजही नाताळच्या दिवसांत आवर्जून पाहिले जातात. मात्र त्यांतील वर्णविषयक चित्रण आजच्या प्रेक्षकांना खटकते. त्यामुळे बर्लिन यांच्या कार्याचा विचार आता या अंगानेही केला जातो.

== जन्म आणि बालपण ==
बर्लिन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील मोझेस हे सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे गायक होते. १८९३ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आले व लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत राहू लागले. १९०१ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यानंतर लवकरच बर्लिन यांनी घर सोडले. रस्त्यांवर व मद्यगृहांत गाऊन ते पोट भरू लागले. पुढे चायनाटाउनमधील एका उपाहारगृहात त्यांनी गाणारा वेटर म्हणून काम केले. १९०७ मध्ये त्यांचे पहिले गीत प्रकाशित झाले. त्यातून त्यांच्या वाट्याला अवघे ३७ सेंट आले.

== कारकीर्द ==
१९११ मधील 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड' या गीताने त्यांना कीर्ती मिळवून दिली. त्यांना स्वरलिपी लिहिता-वाचता येत नसे. पियानोवर ते मुख्यत्वे काळ्या पट्ट्यांवरच वाजवत. स्वर बदलण्यासाठी त्यांनी तरफ असलेला खास पियानो वापरला. सुचलेली चाल साहाय्यक लिहून घेत.

१९३३ च्या 'ॲज थाउजंड्स चीअर' या रंगमंचीय कार्यक्रमासाठी त्यांनी 'सपर टाइम' हे गीत लिहिले. जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीय पुरुषाची पत्नी मुलांसाठी जेवणाची तयारी करत आहे, असा त्याचा प्रसंग आहे. कृष्णवर्णीय गायिका एथेल वॉटर्स यांनी ते ब्रॉडवेवर गायले. करमणुकीच्या कार्यक्रमात असा विषय आणणे त्या काळी धाडसाचे होते.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी 'धिस इज द आर्मी' हा सैनिकांचा कार्यक्रम उभारला. अमेरिकन सैन्यात तेव्हा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. बर्लिन यांच्या आग्रहामुळे या कार्यक्रमाच्या पथकात दोन्ही वर्णांचे सैनिक एकत्र होते.

== नाताळचे संगीतपट ==
'हॉलिडे इन'ची मूळ कल्पना बर्लिन यांची होती. केवळ सणासुदीलाच उघडणाऱ्या एका वसतिगृहाची ही कथा असून बिंग क्रॉस्बी व फ्रेड ॲस्टेअर हे तिचे नायक आहेत. यातील 'व्हाइट ख्रिसमस' या गीताला ऑस्कर मिळाले. क्रॉस्बी यांच्या आवाजातील त्याची ध्वनिमुद्रिका जगात सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक मानली जाते.

याच चित्रपटात अब्राहम लिंकन यांच्या जयंतीनिमित्त 'अब्राहम' हे गीत येते. गोऱ्या कलाकारांनी चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याच्या 'मिन्स्ट्रेल' परंपरेनुसार ते चित्रित केले आहे. नायक प्रतिस्पर्ध्यापासून नायिकेला लपवण्यासाठी तिचाही चेहरा रंगवतो. गुलामगिरी संपवणाऱ्या नेत्याचे गुणगान असे गायले जाते, तर घरातील कृष्णवर्णीय स्वयंपाकीण आणि तिची मुले स्वयंपाकघरातूनच त्यात सूर मिसळतात. गेल्या काही दशकांत अनेक दूरचित्रवाणी वाहिन्यांनी हा भाग वगळून चित्रपट दाखवला आहे. २०१६ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या नाट्यरूपांतरातही हे गीत नव्हते.

१९५४ च्या 'व्हाइट ख्रिसमस'मध्ये चेहरे रंगवलेले नाहीत. तरीही एका गीतात जुन्या मिन्स्ट्रेल कार्यक्रमांची ओढ व्यक्त होते. त्या कार्यक्रमांतील उपहासाचा मात्र तेथे उल्लेखही नाही. बर्लिन याच रंगपरंपरेच्या वातावरणात घडले होते. कृष्णवर्णीयांचे दुःख मांडणारे 'सपर टाइम' लिहिल्यानंतरही ती परंपरा त्यांच्या कामातून नाहीशी झाली नाही. प्रसंग गाळल्याने चित्रपट सर्वांना एकत्र पाहता येतो. पण ती परंपरा किती सर्वमान्य होती, हे मात्र झाकले जाते.

== वैयक्तिक जीवन ==
१९१२ मध्ये त्यांचा डोरोथी गोएट्झ यांच्याशी विवाह झाला. काही महिन्यांतच डोरोथी यांचे विषमज्वराने निधन झाले. १९२६ मध्ये त्यांनी एलिन मॅके यांच्याशी विवाह केला. एलिन या धनाढ्य कॅथलिक कुटुंबातील होत्या. त्यांच्या वडिलांचा ज्यू जावयाला कडाडून विरोध होता. या दांपत्याला तीन मुली झाल्या. त्यांचा एकुलता मुलगा १९२८ मध्ये ऐन नाताळच्या दिवशी दगावला. तो महिन्याचाही नव्हता. त्यामुळे नाताळचे सर्वांत लोकप्रिय गीत रचणाऱ्या या ज्यू संगीतकाराच्या घरी तो दिवस शोकाचाही होता.

== मृत्यू ==
एलिन यांचे १९८८ मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या वर्षी, वयाच्या १०१ व्या वर्षी, बर्लिन यांचे न्यूयॉर्कमधील राहत्या घरी निधन झाले. ब्रॉन्क्समधील वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.